जुनी जपानी त्सुबा: पारख, कारागीर आणि जपणूक

जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्या मध्ये धातूची जी सुटी चकती बसते, ती त्सुबा. मराठा तलवारीत परज मुठीशी एकजीव असते. त्सुबा मात्र मुठीतली बांबूची खुंटी काढून मूठ उतरवली की मोकळी होते. त्यामुळे पातं तेच ठेवून त्सुबा बदलता यायची. 1876 साली मेइजी सरकारने तलवार बाळगण्यावर बंदी आणली आणि त्सुबा मोठ्या संख्येने तलवारींपासून सुटून बाजारात आल्या. लंडन, बॉस्टन, न्यूयॉर्क इथल्या संग्रहालयांतले मोठे संग्रह बहुतेक त्यानंतरच्या काळात जमले. आज ऑनलाइन लिलावांमुळे पुण्यात किंवा पणजीत बसूनही चांगली जुनी त्सुबा घेता येते, पण त्याच बाजारात ओतीव नकला आणि खोट्या सह्याही भरपूर आहेत.

फसगत होते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: घेणारा आधी सही वाचतो, नाव ओळखीचं निघालं की खूश होतो आणि मग धातूकडे त्याच नजरेने बघतो. क्रम उलटा हवा. आधी धातू, मग मधलं छिद्र, मग काम, आणि सही सगळ्यांत शेवटी. हा लेखही त्याच क्रमाने आहे.

तयारी

दहा पटीचं भिंग, डिजिटल व्हर्निअर कॅलिपर, एक ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा, छोटं चुंबक, एलईडी टॉर्च, धुऊन मऊ झालेलं पांढरं सुती कापड आणि नायट्राइलचे हातमोजे, एवढं पुरतं. सुती हातमोजे नकोत. त्यांचे धागे जाळीकामाच्या टोकांत अडकतात आणि सैल झालेलं सोन्याचं जडावकाम उचकटून निघतं. टेबलावर जाड टॉवेल अंथरा. चकती फक्त कडेला धरा, पृष्ठभागावर बोट टेकवू नका. घामातलं मीठ लोखंडाला गंज आणतं आणि काळ्या मिश्रधातूंवर बोटाचा ठसा कायमचा उमटवतं.

टॉर्च समोरून मारू नका. जवळजवळ आडवी धरून उजेड पृष्ठभागावरून सरकू द्या, म्हणजे हातोडीच्या खुणा, खळगे, दुरुस्तीचे जोड आणि पुसट झालेली सही सावलीत उठून दिसतात. फोटोही याच उजेडात काढा: दोन्ही बाजू, चारही बाजूंनी कड, आणि मधल्या छिद्राचा जवळून एक.

भाग ओळखा, मोजमाप घ्या

मधलं पाचरीच्या आकाराचं छिद्र म्हणजे नाकागो-आना. पात्याचं मुठीत जाणारं शेपूट यातून जातं. छिद्राचं निमुळतं टोक धारेकडचं आणि रुंद बाजू पाठीकडची. कताना, म्हणजे लांब तलवार, कमरेला धार वर ठेवून खोचत, म्हणून त्सुबा बघताना निमुळतं टोक वर ठेवायचं. छिद्राभोवतीची लांबट गोल सपाट जागा म्हणजे सेप्पा-दाई. दोन्ही बाजूंना पातळ वॉशर बसत ते इथेच, आणि सहीही बहुधा इथेच असते. मुठीकडची बाजू दर्शनी, तिला ओमोते म्हणतात. मागची बाजू उरा.

ओमोते समोर धरली की डावीकडे अर्धचंद्रासारखं छिद्र दिसेल. ते कोझुका या छोट्या सुरीच्या मुठीसाठी. उजवीकडचं तीन पाकळ्यांचं छिद्र कोगाई या केस सावरायच्या सळईसाठी. दोन्ही असतीलच असं नाही. एखादं छिद्र तांब्याने, शाकुदो या काळ्या मिश्रधातूने किंवा शिशाने बुजवलेलंही सापडतं. तो दोष नाही, नव्या म्यानाला ज्याची गरज नव्हती ते छिद्र बंद केलं इतकंच. छिद्राची कड नक्षीला मधूनच कापत गेली असेल तर मात्र ते मागाहून पाडलेलं आहे. मूळ कारागीर छिद्राची जागा धरूनच नक्षी बसवतो.

उंची, रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजा. जाडी दोन ठिकाणी घ्या, सेप्पा-दाईवर आणि कडेवर. मोठ्या तलवारीची त्सुबा साधारण 7 ते 8.5 सेंमी, वाकिझाशी या आखूड तलवारीची 6 ते 7, तांतो कट्यारीची त्याहून लहान. जाडी बहुधा 3 ते 6 मिमी. मधली आणि कडेची जाडी वेगळी असेल तर तो फरक घराणं ठरवायला कामी येतो.

आकारांत गोल, लांबट गोल, चौकोनी आणि चार पाकळ्यांचा मोक्को हे नेहमी भेटणारे. आकारावरून काळ ठरवायला जाऊ नका, सगळे आकार शतकानुशतकं चालत राहिले.

मधलं छिद्र जवळून

पाच मिनिटं फक्त नाकागो-आनाला द्या. प्रत्येक पात्याचं शेपूट वेगळ्या मापाचं असतं. त्सुबा नव्या तलवारीवर चढवताना छिद्र सैल पडलं तर कारागीर दोन गोष्टी करायचा. एक म्हणजे छिद्राच्या कडेला छिन्नीचे किंवा ठशाचे ठोके देऊन धातू आत सरकवायचा. या ठोक्यांना तागाने-आतो म्हणतात. दुसरं म्हणजे वरच्या-खालच्या टोकांना मऊ तांब्याचे तुकडे ठोकून बसवायचे, ते सेकिगाने. पात्याच्या पोलादाला घासायला कडक लोखंडापेक्षा मऊ तांबं बरं, म्हणून तांबं.

भिंगाखाली खऱ्या जुन्या छिद्रात काय दिसतं? आतली भिंत एकसारखी सरळ नसते. कानशीच्या रेघा वेगवेगळ्या दिशांना जातात, कारण वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या हातांनी ते मोठं केलेलं असतं. ठोक्यांची खोली कमीजास्त असते आणि काही ठोके जुन्या ठोक्यांवर पडलेले असतात. तांब्याचा तुकडा एका बाजूने जास्त झिजलेला, कडांना काळपट पडलेला दिसतो. सेप्पा-दाईवर वॉशरची लांबट गोल सावली उमटलेली असते. वॉशरखाली झाकलेला धातू उघड्या धातूपेक्षा वेगळ्या रंगाचा झालेला असतो.

नकलेत हेच ठोके मोजूनमापून मारल्यासारखे सारख्या अंतरावर आणि सारख्या खोलीचे येतात. ओतीव नकलेत तर ठोके साच्यातूनच आलेले असतात, त्यामुळे ठोक्याच्या तळाला धातू दबल्याची चकाकी नसते आणि त्याच्या भोवती उचललेला ओठही नसतो.

छिद्र कोरं असेल तर घाई करू नका. एकोणिसाव्या शतकात भेट म्हणून किंवा परदेशी गिऱ्हाइकासाठी केलेल्या उत्तम त्सुबा कधी तलवारीवर चढल्याच नाहीत, त्यांचं छिद्र कोरंच असतं. पण तशा त्सुबाचं बाकी काम अव्वल दर्जाचं असायला हवं. साधं काम, कोरं छिद्र आणि खूप जुनी असल्याचा दावा, हे तिन्ही एकत्र आले की वस्तू बाजूला ठेवा.

धातू वाचणं

लोखंडी त्सुबा घडीव असते. चांगल्या जुन्या लोखंडाचा रंग सपाट काळा नसतो. त्यात तपकिरी किंवा जांभळट झाक असते, आणि पिढ्यान् पिढ्या कापडाने पुसल्याने आलेला खोलवरचा ओलसर तजेला असतो. नव्या रासायनिक काळ्या रंगाचा तजेला वरवरचा असतो, खळग्यात आणि उंचवट्यावर सारखाच. जुन्या त्सुबात उंचवटे झिजून गुळगुळीत असतात आणि खळगे थोडे मंद. काठावर बोटाला लागणारे छोटे गाठीसारखे उंचवटे म्हणजे तेक्कोत्सु. घडताना कमीजास्त कर्बाचं लोखंड एकत्र येतं, त्यातला कडक भाग कमी झिजतो आणि वर राहतो. ओवारी आणि कानायामा प्रकारांत हे विशेष दिसतं. तेक्कोत्सु कृत्रिमरीत्या काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. खऱ्या गाठी आजूबाजूच्या धातूतून वर येतात, चिकटवल्यासारख्या दिसत नाहीत.

मऊ धातूंमध्ये चार नावं माहीत हवीत. शाकुदो म्हणजे तांब्यात साधारण 2 ते 5 टक्के सोनं. रंग चढवल्यावर तो निळसर काळा होतो. शिबुइची म्हणजे तांब्यात चौथ्या हिश्शापर्यंत चांदी. तो राखाडीपासून हिरवट करड्यापर्यंत जातो. यामागाने हे कमी शुद्ध केलेलं जुनं तांबं, आणि सेनतोकू हा पिवळसर पितळेच्या जातीचा मिश्रधातू. शाकुदो आणि शिबुइचीचे रंग म्हणजे वरून लावलेला थर नव्हे. वस्तू घासून, मुळ्याच्या रसात बुचकळून, ताम्रक्षारांच्या पाण्यात उकळली की पृष्ठभागावर अतिशय पातळ रंगीत कवच तयार होतं. म्हणूनच चिंच, लिंबू, पितांबरी किंवा ब्रासो यांतलं काहीही शाकुदोला लागलं तर काही मिनिटांत खालचं लालसर तांबं उघडं पडतं. मग तो रंग जाणकार धातुकर्मीलाच पुन्हा चढवता येतो, आणि तरीही मूळ पृष्ठभाग गेला तो गेलाच.

आगीत सापडलेल्या त्सुबा वेगळ्या ओळखाव्या लागतात. लोखंडाला राखाडी खपल्या येतात, जडावाचं सोनं फुगतं किंवा निघतं आणि जांभळट झाक साफ नाहीशी होते. अशा वस्तूला नंतर काळा रंग देऊन विकलं जातं. खपलीखाली खडबडीत, चेचल्यासारखा पोत दिसला तर संशय घ्या.

घडीव की ओतीव

जाळीकामाच्या त्सुबात, म्हणजे सुकाशीत, हा निकाल लावणं सोपं असतं, कारण आतल्या भिंती उघड्या असतात. जुन्या पद्धतीत पत्र्यावर नक्षी आखून भोकं पाडत, त्यांतून बारीक करवत घालून भाग कापून काढत आणि शेवटी कानशीने भिंती साफ करत. त्यामुळे भिंगाखाली भिंतीवर उभ्या-तिरप्या रेघा दिसतात, आतले कोपरे टोकदार असतात, आणि एकाच नक्षीचे दोन सारखे भागही किंचित वेगळे येतात.

ओतीव वस्तूत भिंती मऊ आणि किंचित फुगीर असतात, कोपऱ्यांत धातू साचल्यासारखा गोलावा येतो, आणि कुठेतरी टाचणीच्या टोकाएवढी हवेच्या बुडबुड्यांची छिद्रं सापडतात. साच्याचे दोन भाग जिथे जुळले तिथे भिंतीच्या मध्यावर एक बारीक आडवी रेघ राहते. ती कानशीने घालवलेली असली तरी अरुंद फटींत कानस पोचत नाही, तिथे रेघ शिल्लक असते. म्हणून सगळ्यांत अरुंद फट आधी बघा.

त्सुबा दोऱ्याला टांगून टिचकी मारायची आणि नाद ऐकायचा, ही परीक्षाही सांगितली जाते. घडीव लोखंड बहुधा लांब वाजतं आणि ओतीव भसकं. पण जाडी, जाळी, बुजवलेली छिद्रं या सगळ्यांनी आवाज बदलतो, म्हणून निव्वळ आवाजावरून निर्णय नको.

मऊ धातूच्या त्सुबात नानाको बघा. नानाको म्हणजे माशाच्या अंड्यांसारख्या बारीक दाण्यांनी भरलेली जमीन. खोलगट टोकाच्या ठशाने एकेक दाणा हातोडीच्या एकेका ठोक्याने उठवतात, ओळीमागून ओळ. खऱ्या कामात प्रत्येक दाणा स्वतंत्र अर्धगोल असतो, त्याच्या पायाशी स्पष्ट रेघ असते, आणि ओळ नक्षीच्या कडेला पोचते तिथे कारागिराने दाण्यांची जागा सांभाळून घेतलेली दिसते. नकलेत दाणे एकमेकांत वितळल्यासारखे असतात आणि कडेला अर्धे कापले जातात. एका चौरस सेंटिमीटरवर भिंग धरून ओळी मोजत जा, ओळ भरकटते का ते बघा. कामाचा दर्जा तिथेच कळतो.

जडावकामात दोन पद्धती ठळकपणे वेगळ्या ओळखता यायला हव्यात. हिरा-झोगानमध्ये लोखंडात खाच कोरून तिच्या भिंती आतून तिरप्या कापतात आणि तार ठोकून बसवतात. धातू खाचेत अडकतो, त्यामुळे तो शतकानुशतकं टिकतो. नुनोमे-झोगानमध्ये लोखंडावर छिन्नीने आडव्या-उभ्या-तिरप्या बारीक रेघांची जाळी पाडतात आणि सोन्याचा पातळ पत्रा तीवर दाबून बसवतात. आपल्या दख्खनी आणि राजस्थानी शस्त्रांवरची कोफ्तगिरी हीच. तलवारीच्या मुठीवर कोफ्तगिरी पाहिलेल्या माणसाला नुनोमे लगेच ओळखता येते, आणि तिचा कमकुवतपणाही ठाऊक असतो: घासलं की सोनं आधी उंचवट्यांवरून जातं आणि खालची रेघांची जाळी उघडी पडते. जुन्या त्सुबात अशी थोडी झीज चांगलीच. सोनं सगळीकडे सारखं आणि खालची जाळी कुठेच दिसत नाही, असं असेल तर सोनं नवं किंवा विद्युत मुलाम्याचं आहे.

कारागीर आणि घराणी

शेकडो घराण्यांची नावं पाठ करण्यात अर्थ नाही. हाताच्या खुणा ओळखू येतील अशी काही मोजकी नीट समजून घ्या.

सगळ्यांत जुन्या साध्या लोखंडी त्सुबांना तोशो आणि कात्चुशी अशी नावं दिली जातात. परंपरेने पहिल्या तलवार घडवणाऱ्यांच्या, दुसऱ्या चिलखत करणाऱ्यांच्या. आकाराने मोठ्या, पातळ, एखाददुसरी छोटी जाळी, सही नाही. कात्चुशी प्रकारात कड उचललेली असते.

मोमोयामा काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे, त्सुबावर नाव कोरणारे मोठे कारागीर पुढे आले. ओवारीच्या नोबुइएचं लोखंड जाड, हातोडीच्या खुणांचं, जोरकस. फुशिमीच्या कानेइएने लोखंडी चकतीवर निसर्गचित्र आणलं: दूरचा डोंगर, होडी, एखादा प्रवासी. क्योतोचा उमेतादा म्योजू (1558–1631) स्वतः तलवारही घडवायचा. पितळ आणि तांब्याच्या जमिनीवर त्याने बसवलेलं शाकुदोचं सपाट जडावकाम आजही ताजं वाटतं. या तिघांच्या नावाच्या खोट्या सह्या इतक्या आहेत की असं नाव दिसल्याबरोबर खोटं धरूनच सुरुवात करावी.

हिगो, म्हणजे आजचं कुमामोतो, ही लोखंडी त्सुबाची आमच्या मते सर्वांत समृद्ध परंपरा. होसोकावा तादाओकी हा चहाविधीचा मर्मज्ञ सरदार आणि त्याच्या घराण्याचा आश्रय, यांतून ती फुलली. हायाशी मातासिची (1613–1699) याचं लोखंड मऊसूत आणि जांभळट काळं, त्यावर अत्यंत संयत सोनं. हिराता हिकोझो वेगवेगळे मऊ धातू वापरतो आणि मध्यापासून कडेकडे किरणांसारख्या कानशीच्या रेघा ओढतो. निशिगाकी कानशिरोच्या आकारांत मुद्दाम ठेवलेला मोकळेपणा आहे. शिमिझू जिंगोची ओळख म्हणजे लोखंडावर ठसठशीत बसवलेला पितळी शिकारी पक्षी. हिगोची बरीचशी चांगली कामं बिनसहीची आहेत, म्हणून इथे लोखंड आणि रेषा वाचता येणं अटळ आहे. एदो, म्हणजे आजचं टोकियो, इथल्या आकासाका घराण्याची जाळीकामं हिगोच्या कामाशी गल्लत व्हावी इतकी जवळ जातात. त्यांचा घाट अधिक नीटनेटका आणि कड गोलसर असते.

मऊ धातूंचं राजघराण्याला साजेसं काम गोतो घराण्याचं. गोतो युजोपासून (1440–1512) त्यांनी आधी आशिकागा आणि पुढे तोकुगावा शोगुनांची, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांची, सेवा केली. शाकुदोची नानाको जमीन आणि वर उठावाचं सोनं ही त्यांची ठरलेली रीत. सुरुवातीच्या पिढ्यांचं मुख्य काम कोझुका, कोगाई आणि मेनुकी, म्हणजे मुठीवरचे शोभेचे छोटे तुकडे, हे होतं. म्हणून पहिल्या पिढ्यांच्या नावावर खपवलेली त्सुबा दिसली की सावध व्हा. योकोया सोमिन (1670–1733) या सरकारी चौकटीतून बाहेर पडून शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी काम करू लागला. छिन्नी तिरपी धरून कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखी रेघ कोरण्याची त्याची पद्धत, काताकिरी-बोरी, पुढे शेकडो जणांनी उचलली. रेघेची एक भिंत उभी आणि दुसरी उतरती असते. खऱ्या फटकाऱ्यात रेघ जाड-बारीक होताना कुठेही अडखळत नाही, नकलेत छिन्नी मधे थांबून पुन्हा सुरू झाल्याची खूण दिसते. नारा घराण्याचा त्सुचिया यासुचिका (1670–1744) आणि शेवटच्या काळातला कानो नात्सुओ (1828–1898) हे आणखी दोन शिखरस्थानी. तलवारबंदीनंतर नात्सुओने मेइजी नाण्यांच्या नक्षीचं काम केलं आणि टोकियोच्या कलाशाळेत शिकवलं.

नानबान त्सुबा वेगळ्या जातीच्या. परदेशी आणि चिनी वळणाची वेलबुट्टी, एकमेकांखालून जाणारे तुकडे आणि भरपूर नुनोमे सोनं. नानबान हे नाव ज्या पोर्तुगीजांवरून पडलं, त्यांची जहाजं गोव्याहून मलाक्का आणि मकावमार्गे नागासाकीला जात. पण बाजारातल्या बहुतेक नानबान त्सुबा एदो काळातल्या (1603–1868) जपानी कामाच्या आहेत, त्यांना थेट पोर्तुगीजांशी जोडू नका.

पहिली खरेदी बुशू किंवा चोशू प्रांतातल्या, किंवा एचिझेन प्रांताच्या किनाई परंपरेतल्या सहीच्या साध्या त्सुबाची करावी. काम प्रामाणिक, संख्या भरपूर आणि खोट्या सह्यांचा सुळसुळाट तुलनेने कमी. हिकोनेच्या सोतेनच्या नावाची खचाखच भरलेली चिनी युद्धदृश्यं नवख्यांना भुरळ घालतात, पण त्या नावाच्या बहुतेक वस्तू नंतरच्या अनुकरणाच्या आहेत.

सही आणि प्रमाणपत्र

सहीत बहुधा गावाचं किंवा प्रांताचं नाव, मग ‘जू’ म्हणजे रहिवासी, मग कारागिराचं नाव आणि शेवटी ‘साकु’ म्हणजे कृती. कधी खाली काओ हे चिन्हरूप असतं. जुळवणी करताना अक्षराचा आकार सोडा आणि छिन्नीचा क्रम बघा: फटकारा कुठून सुरू झाला, कुठे दाबला, कुठे उचलला. आकाराची नक्कल जमते, हाताची लय जमत नाही. नंतर घातलेल्या सहीच्या खाचेचा तळ आजूबाजूच्या धातूपेक्षा कोवळ्या रंगाचा असतो. वॉशरने झिजलेल्या जागेवर सही मात्र ताजी टोकदार असेल, तर तीही शंकास्पद.

विक्रेत्याच्या वर्णनातले शब्द ओळखून ठेवा. ‘मुमेई’ म्हणजे सही नसलेली, ‘गिमेई’ म्हणजे खोट्या सहीची, आणि नावाआधी ‘देन’ असेल तर ते त्या नावाशी जोडलं जातं, खात्री नाही. जपानमध्ये 1948 साली स्थापन झालेली निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही संस्था वस्तू तपासून प्रमाणपत्र देते. आजच्या पायऱ्या होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो आणि तोकुबेत्सु जूयो. 1982 पूर्वीची किचो मालिकेतली जुनी प्रमाणपत्रं कमी भरवशाची मानली जातात. प्रमाणपत्र मिळालं की त्यावरच्या फोटोतले छिद्राभोवतीचे ठोके हातातल्या वस्तूशी एकेक करून ताडून पाहा. दुसऱ्या वस्तूचं प्रमाणपत्र जोडून विकण्याचे प्रकार तिथेच उघडे पडतात.

गंज आणि सफाई

लोखंडावरचा स्थिर काळा-तपकिरी थर हवाच, तो काढायचा नाही. त्रास देतो तो लाल, भुसभुशीत, बोटाला रंग लावणारा गंज. पांढऱ्या कापडाने हलके पुसा. कापडावर लालसर डाग आला तर गंज चालू आहे.

जपानमध्ये तो खरवडायला हरणाचं शिंग किंवा हस्तिदंत वापरत. भारतात या दोन्हींच्या वाटेला जाऊ नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यांच्यावर बंधनं आहेत. बोकडाचं उकडून स्वच्छ केलेलं, पूर्ण वाळलेलं हाड तेच काम करतं. हाड गंजाच्या खपलीपेक्षा कडक आणि लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि धातूला ओरखडा जात नाही. हाडाची 4–5 मिमी रुंद चपटी छिन्नी घासून करा. गंजाच्या डागावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकून एक दिवस राहू द्या. मग हलक्या हाताने आखूड फटकारे मारा आणि दर थोड्या वेळाने तेल-गंज पुसून घ्या. एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. डाग एका दिवसात गेला पाहिजे हा हट्ट धरला की माणूस सुईकडे किंवा सँडपेपरकडे वळतो, आणि तिथेच वस्तू बिघडते. चकचकीत धातू दिसायच्या खूप आधी थांबायचं. शेवटी तेल पूर्ण टिपून घ्या आणि रोज दहा मिनिटं कोरड्या सुती कापडाने चोळा. काही महिन्यांत तजेला परत येऊ लागतो.

सोन्याच्या नुनोमेजवळ हाड लावू नका, सोनं गंजाबरोबर निघतं. तारेचा ब्रश, आम्ल, गंज काढायची द्रावणं, सगळं वर्ज्य. खोबरेल किंवा खाण्याचं तेल चिकट होऊन धूळ धरतं. मऊ धातूवर मळ असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, स्वच्छ पाणी आणि लगेच टिपून कोरडं करणं, यापुढे जायचं नाही. मौल्यवान किंवा प्रमाणपत्र असलेल्या वस्तूवर घरी काहीच करू नका.

कोकण, मुंबई आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हा खरा धोक्याचा काळ. किरी या हलक्या जपानी लाकडाच्या पेटीत प्रत्येक त्सुबा वेगळी ठेवा. पेटी झाकणाच्या हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा 50 टक्क्यांच्या आत राहील असं बघा, जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. सागवानी किंवा प्लायवूडच्या बंद खणात आणि रबराच्या गादीवर ठेवू नका. लाकडातली आम्लं आणि रबरातलं गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना डागाळतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पेटी उघडून नजर टाका.

भारतात आणताना

पार्सलच्या घोषणापत्रात वस्तू पात्याशिवायची, धार नसलेली, सुटी धातूची त्सुबा असल्याचं स्पष्ट लिहायला विक्रेत्याला सांगा. नुसतं तलवार असं लिहिलं की पार्सल शस्त्र म्हणून अडकतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी जकातीच्या वर्गवारीत 9706 हा वेगळा शीर्षक्रमांक आहे. तो लागू व्हावा असं वाटत असेल तर वयाचा पुरावा, म्हणजे प्रमाणपत्र किंवा विक्रेत्याचं लेखी वर्णन, पार्सलमध्ये हवं. पावत्या आणि जकात भरल्याचे कागद कधीही टाकू नका. 1972 च्या पुरावस्तू कायद्यातली शंभर वर्षांची व्याख्या वस्तू कोणत्या देशात घडली हे विचारत नाही. पुढे कधी ती त्सुबा परदेशी विकायची किंवा प्रमाणपत्रासाठी जपानला पाठवायची वेळ आली, तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीचा प्रश्न येतो, आणि वस्तू बाहेरूनच आली होती हे दाखवणारा कागद म्हणजे ती पहिली जकातीची पावती.